विद्यार्थ्यांचा कोड चालवायचाय, सिस्टिम कॉल अडवायला पीट्रेस पुरेल का?

ठाणेकर_टर्मिनल

मंडळी, एक अडचण आहे, जरा सविस्तरच लिहितो, कारण अर्धवट लिहिलं की पहिली चार उत्तरं 'डॉकर वापर' हीच येतात. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) आहेच, त्याचं शेवटी सांगतो.

मी वागळे इस्टेटला एका छोट्या कंपनीत आहे. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षा आमच्या सर्व्हरवर होतात, पोरं सी, सी प्लस प्लस, पायथन नाहीतर जावात कोड टाकतात, आम्ही तो चालवतो, आउटपुट जुळवतो, मार्क देतो. ही सिस्टिम आधीच्या एका व्हेंडरने लिहिलेली आणि आता आमच्या गळ्यात पडलेली. तिच्यात सिक्युरिटी म्हणजे काय, तर एलडी प्रीलोड. एक लायब्ररी आधी लोड करायची, तिच्यात ओपन, कनेक्ट, फोर्क, एक्झेक (फाइल उघडणं, नेटवर्क जोडणं, नवी प्रोसेस काढणं, दुसरा प्रोग्राम चालवणं) यांची आपली व्हर्जन्स, पाथ बघायचा, यादीत नसेल तर मायनस वन परत करायचा. गेल्या परीक्षेत एका पोराने सी मध्ये चार ओळींची इनलाइन असेंब्ली लिहून थेट सिस्कॉल इन्स्ट्रक्शन मारली, म्हणजे लायब्ररीला टाळून कर्नललाच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) काम सांगितलं, शेजारच्या फोल्डरमधली उत्तरांची फाइल वाचली आणि जशीच्या तशी छापली. पकडला कसा गेला, तर कॉलेजने दिलेल्या एका टेस्टकेसचं उत्तरच चुकीचं होतं, अख्ख्या वर्गाचा तो टेस्टकेस फेल आणि या एकट्याचा पास.

त्यानंतर मी पीट्रेसवर (एका प्रोसेसने दुसरीवर नजर ठेवायची लिनक्समधली डीबगिंगची सोय) नवीन सुपरवायझर लिहिला. प्रत्येक सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेल्या प्रत्येक कामाला, प्रोसेस थांबते, मी रजिस्टरमधून नंबर बघतो, ओपन-अ‍ॅट (फाइल उघडायचा कॉल) असेल तर त्या प्रोसेसच्या मेमरीतून पाथ वाचतो, यादीशी जुळवतो, नाही जुळला तर नंबर मायनस वन करून सोडतो. असेंब्लीवाली ट्रिक आता पकडली जाते. पण पायथन जाम स्लो झालाय, जावा मधूनच लटकतो, आणि ऑफिसातला एक सीनियर म्हणतो की हे थ्रेड वापरून बायपास होतं, पण कसं ते नीट सांगत नाही, नुसता हसतो.

तर विचारायचं असं की पीट्रेस या कामाला पुरेल का? सेककॉम्पमध्ये (सिस्टिम कॉल गाळायची कर्नलची सोय) युजर नोटिफिकेशन म्हणून काहीतरी आलंय, ते जास्त बरं का? सर्व्हर उबंटू २०.०४, कर्नल ५.४, रूट आपल्याकडे आहे, दिवाळीच्या सुट्टीत अपग्रेड करता येईल. डॉकरचं म्हणाल तर सगळं कंटेनरमध्येच चालतं, पण पोराचा कोड आणि उत्तरांच्या फाइली एकाच कंटेनरमध्ये आहेत.

रबाळे_रूट

तुमच्या सीनियरचं बरोबर आहे, फक्त हसू नये माणसाने.

आधी प्रीलोडचा निकाल लावू. ती लायब्ररी आणि पोराचा कोड एकाच मेमरीत, एकाच हक्काने राहतात. जो प्रोग्राम सी लायब्ररीतून जातो त्यालाच ती दिसते. स्टॅटिक लिंक केलेली बायनरी तिला विचारत नाही, गो भाषेतला प्रोग्राम लिनक्सवर स्वतःच सिस्टिम कॉल मारतो, तोही विचारत नाही. प्रीलोड डीबगिंगला उत्तम, प्रोफायलिंगला उत्तम, पॉलिसीला शून्य.

आता थ्रेडचं. पहिला थ्रेड ओपन-अ‍ॅट मारतो आणि पाथचा पॉइंटर देतो, पाथ नव्हे, पॉइंटर. त्या पत्त्यावर आत्ता इनपुट फाइलचं नाव लिहिलंय. तुमचा सुपरवायझर जागा होतो, ते नाव वाचतो, ठीक आहे म्हणतो, सोडून देतो. मग कर्नल त्याच पत्त्यावरून नाव पुन्हा एकदा, स्वतःसाठी वाचतो. या दोन वाचनांच्या मधल्या वेळात दुसरा थ्रेड मोकळा फिरतोय, कारण पीट्रेस सिस्टिम कॉल मारणाऱ्या थ्रेडलाच थांबवतं, बाकीच्यांना नाही. त्या दुसऱ्याने तिथे उत्तरांच्या फाइलचं नाव लिहिलं की झालं काम. पेन्सिलीने लिहिलेला चेक पास करण्यातला प्रकार आहे हा, सही बघणाऱ्याने एक रक्कम बघितली आणि कॅशियरच्या खिडकीपर्यंत जाईस्तोवर तिथे दुसरीच आली.

आणि पोराला हे पहिल्या फटक्यात जमायची गरज नाही हो, लूप लावायचा, हजारदा फसलं तरी एकदा साधलं की बास.

थ्रेडच बंद केले तर? जावा बंद पडेल. आणि फोर्क दिलात तर दोन प्रोसेस शेअर्ड मॅपिंगने एकच पान वापरू शकतात, तिथूनही हेच करता येतं. शिवाय एका प्रोसेसने दुसरीच्या मेमरीत लिहायचा सिस्टिम कॉल वेगळाच आहे, प्रॉकमधली (प्रोसेसची माहिती दाखवणारा कर्नलचा फोल्डर) मेम फाइल आहे, हे सगळं तुम्हाला एकेक करून बुजवत बसावं लागेल.

जावा लटकतोय ते मात्र बहुतेक वेगळं कारण. क्लोनचा (नवा थ्रेड बनवायचा कॉल) इव्हेंट मागून घेणारा ऑप्शन लावलाय का? आणि नव्या थ्रेडचा पहिला स्टॉप कधी कधी त्याच्या पालकाच्या क्लोन इव्हेंटच्या आधी तुमच्याकडे पोचतो, हा अनोळखी पिड (प्रोसेसचा क्रमांक) कोण म्हणून तुमचा कोड त्याला तसाच लटकवून ठेवत असेल. एक्झिट-किल ऑप्शनही बघा, तो नसेल तर सुपरवायझर क्रॅश झाला की पोराचा प्रोग्राम मोकाट.

निवृत्त_सोलारिस

नौपाड्यातून एका म्हाताऱ्याचा नमस्कार. हा वाद मी पाव शतकापेक्षा जास्त काळ बघतोय, म्हणून दोन शब्द, आवडले नाहीत तर पुढे सरका.

१९९६ साली बर्कलीच्या मंडळींनी जेनस नावाचं एक साधन केलं. तेव्हा ब्राउझर डाउनलोड केलेली फाइल दाखवायला बाहेरचे प्रोग्राम उघडायचे, पोस्टस्क्रिप्ट व्ह्यूअर वगैरे, आणि कोणीतरी मुद्दाम बनवलेली फाइल त्या व्ह्यूअरला फसवायची. जेनस सोलारिसच्या (सन कंपनीची युनिक्स) प्रॉकमधली डीबगिंगची सोय वापरून त्या प्रोग्रामचे सिस्टिम कॉल अडवायचं, सगळं युजर स्पेसमधून, कर्नलला हात न लावता. आम्ही तेव्हा सोलारिसवरच होतो, फार भारी वाटलेलं. थोडक्यात तुम्ही आत्ता लिहिलाय तो सुपरवायझर जवळजवळ तोच आहे, वाईट वाटून घेऊ नका, कल्पना चांगलीच होती.

मग नील्स प्रोव्होस यांचं सिसट्रेस आलं, साध्या कॉलचा निकाल कर्नलमध्ये लागायचा आणि अवघड प्रश्न बाहेरच्या डीमनला (मागे चालत राहणारा प्रोग्राम) विचारला जायचा. ओपनबीएसडीत (युनिक्स जातीची एक ऑपरेटिंग सिस्टिम) ते २००२ पासून होतं. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या ताल गारफिंकल यांनी या सगळ्या जातीच्या साधनांचे खड्डे कुठे कुठे आहेत ते एका पेपरात मांडलं. रेस (म्हणजे तपासणी आणि वापर यांच्या मधल्या वेळात साधलेला डाव) तर आहेच, पण त्यात मला जास्त पटलेला मुद्दा म्हणजे तुम्ही बाहेर बसून कर्नलच्या डोक्यातली अवस्था पुन्हा उभी करायला जाता आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाही. चालू डिरेक्टरी कुठली, ही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) आत्ता कुठे जाते, हा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) मुळात कशाचा, कर्नलला हे माहीत असतं आणि तुम्ही अंदाज बांधता. दुसरं म्हणजे कॉल नाकारण्याचेही परिणाम असतात. एखादा प्रोग्राम रूट सोडायला सेटयूआयडी मारतो, तुम्ही नाही म्हणता, त्याने रिटर्न व्हॅल्यू तपासलेली नसते, आणि तो रूट म्हणूनच पुढे चालतो. तुमच्या पॉलिसीनेच भोक पाडलं की नाही!

२००७ मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट वॉटसन यांनी सिसट्रेससकट अशी अनेक साधनं प्रत्यक्ष फोडून दाखवली. एकाच सीपीयूवर रेस साधत नाही अशी लोकांची समजूत होती, तर त्यांनी आर्ग्युमेंट अशा पानावर ठेवलं की कर्नलला ते डिस्कवरून आणायला थांबावं लागेल, आणि त्या झोपेत दुसऱ्या प्रोसेसने डाव साधला. ओपनबीएसडीने २०१६ मध्ये सिसट्रेस काढून टाकलं, त्याच वर्षी ५.९ मध्ये प्लेज आलं, म्हणजे प्रोग्रामने स्वतःच सांगायचं की आता मला एवढंच लागेल आणि ते पाळायला लावणार कर्नल.

ठाणेकर_टर्मिनल

काका, हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद. रबाळे, क्लोनचा ऑप्शन होता पण तो उलट्या क्रमाने येणारा स्टॉप नव्हता हाताळलेला, बघतो.

पण मग मला एक कळत नाहीये. सेककॉम्पही सिस्टिम कॉलच अडवतं ना, त्याला ही रेस का नाही? आणि नोटिफिकेशनवाल्यात तर पुन्हा युजर स्पेसमधला सुपरवायझरच निर्णय घेतो, मग ते सुरक्षित कसं?

सेगफॉल्ट_ताई

दोन्ही प्रश्न बरोबर जागी आलेत. ऐरोलीत कंटेनर रनटाइमवरच काम करते म्हणून हे रोजचं आहे, थोडं लांबेल.

सेककॉम्प २००५ मध्ये २.६.१२ कर्नलमध्ये आलं, आंद्रेया आर्कांजेली यांनी लिहिलेलं. गंमत म्हणजे त्यांना लोकांच्या मशीनवरचा रिकामा सीपीयू भाड्याने द्यायचा होता, म्हणजे परक्याचा कोड आपल्याकडे चालवायचा, तुमचाच प्रश्न. तेव्हा फक्त रीड, राइट, एक्झिट आणि सिगरिटर्न एवढे चार कॉल चालायचे, पाचवा मारला की प्रोसेस ठार. खऱ्या प्रोग्रामला ते फारच तोकडं. २०१२ मध्ये ३.५ कर्नलला विल ड्रूरी यांच्या पॅचमधून बीपीएफ फिल्टर (कर्नलमध्ये चालणारा छोटा नियमांचा प्रोग्राम) मिळाला आणि तिथून क्रोम, डॉकर, सिस्टिमडी सगळेच वापरायला लागले.

फिल्टरला काय दिसतं ते बघा: कॉलचा नंबर, आर्किटेक्चर, इन्स्ट्रक्शन पॉइंटर आणि सहा आर्ग्युमेंट, आकडे म्हणून. पॉइंटर असेल तर त्याचा पत्ता दिसतो, पत्त्यावर काय लिहिलंय ते दिसत नाही. लोक याला उणीव म्हणतात, मी नाही म्हणत. ही मूल्यं रजिस्टरमधून एकदाच उचललेली असतात, दुसऱ्या थ्रेडला ती बदलता येत नाहीत, म्हणून रेस नाही. मेमरी वाचायची सोय दिली असती तर सिसट्रेसचंच दुखणं कर्नलच्या आत आलं असतं. याचा अर्थ असा की 'सॉकेट कॉल नको' हे सेककॉम्पला नीट सांगता येतं, 'ही फाइल नको' हे सांगताच येत नाही.

आता नोटिफिकेशन. ५.० कर्नलपासून आहे, म्हणजे तुमच्या ५.४ वर आहे. कॉल मारणारा थांबतो, सुपरवायझरला एका फाइल डिस्क्रिप्टरवर निरोप येतो, तो उत्तर देतो. ५.५ मध्ये त्यात 'कंटिन्यू' फ्लॅग आला, म्हणजे सुपरवायझर म्हणतो ठीक आहे, कर्नलबाबा तूच चालव. हा फ्लॅग दिसला की सगळ्यांना वाटतं सापडलं, पाथ वाचू, तपासू, कंटिन्यू करू. हेच करायचं नाही. कंटिन्यू केलं की कर्नल पॉइंटर पुन्हा वाचतो, तुम्ही पीट्रेसने केलंत तेच इथे नव्या कपड्यात. मॅन पेजवर स्पष्ट लिहिलंय की या मेकॅनिझमवर सिक्युरिटी पॉलिसी उभी करू नका.

मग ते आहे कशासाठी? काम सुपरवायझरने स्वतः करून द्यायचं, त्यासाठी. पाथ आपल्या मेमरीत कॉपी करा, मधल्या वेळात ती प्रोसेस मरून तोच पिड दुसऱ्याला मिळालेला नाही ना हे आयडी-व्हॅलिडने विचारा, मग *आपल्या* कॉपीवरून *आपणच* फाइल उघडा आणि तयार डिस्क्रिप्टर समोरच्याच्या टेबलात घाला. ते घालायचं ५.९ पासून मिळतं, तुमच्या ५.४ वर नाही. पोराने नंतर मूळ पाथ कितीही बदलला तरी तो पुन्हा कोणी वाचतच नाही. उघडताना साधं ओपन नको, ओपन-अ‍ॅट-टू मध्ये रिझॉल्व्ह-बिनीथ लावा, म्हणजे सिमलिंक आणि दोन टिंबांची खेळी त्या फोल्डरबाहेर जात नाही. क्रोमच्या लिनक्स सँडबॉक्समध्ये (कोडला बंदिस्त ठेवणारी चौकट) जीपीयू प्रोसेससाठी नोटिफिकेशन यायच्या आधीपासून हेच चालतं, ओपनला सेककॉम्प अडवतो, सिग-सिस सिग्नल येतो, हँडलर सॉकेटवरून ब्रोकर प्रोसेसला विनंती पाठवतो, ब्रोकर यादी बघून फाइल उघडतो आणि डिस्क्रिप्टर परत पाठवतो. हँडलर पोखरला गेला तरी बिघडत नाही, कारण कर्नलचा नकार तसाच उभा असतो.

पण तुमच्या कामाला यातलं काहीच लागत नाही असं माझं मत. उत्तरांची फाइल पोराच्या प्रोग्रामच्या नजरेत का आहे? ती त्या माउंट नेमस्पेसमध्ये (प्रोसेसला दिसणारं फाइलींचं वेगळं जग) ठेवूच नका. इनपुट पाइपने आत, आउटपुट पाइपने बाहेर, जुळवणी बाहेरच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये. जी फाइल तिथे नाहीच तिचं नाव कितीही पॉइंटर फिरवून दिलं तरी कर्नल 'अशी फाइल नाही' एवढंच म्हणणार. नेटवर्क नेमस्पेस रिकामी द्या, कनेक्ट तपासायची गरज संपली. पिड, मेमरी, वेळ सीग्रुपवर (वापराला मर्यादा घालायची कर्नलची सोय) सोडा.

आणि हे सगळं स्वतः लिहू नका. इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडसाठी लिहिलेला आयसोलेट नावाचा सँडबॉक्स आहे, नेमस्पेस आणि सीग्रुपवर चालणारा, अनेक ऑनलाइन जज तोच वापरतात. त्याच्या आधीचा पीट्रेसवरचाच होता आणि थ्रेड, वेग या दोन्ही कारणांनी तो मागे पडला. डिफॉल्टला एकच प्रोसेस आणि नेटवर्क नाही, जावासाठी प्रोसेसची मर्यादा तेवढी वाढवा.

ट्रान्सहार्बरवाला

ताई एवढं पण पीट्रेसला मोडीत काढू नका हो. (लोकलमधून टाइप करतोय, घणसोलीला गाडी उभी आहे, टायपो माफ.)

एक, ठाणेकर, स्लो होण्यावर उपाय आहे. तुम्ही प्रत्येक कॉलला दोनदा थांबवताय, आत जाताना आणि बाहेर येताना, दर वेळी सुपरवायझरला जागं करायचं आणि परत झोपवायचं. पायथन नुसता सुरू व्हायला मॉड्यूल शोधत शेकडो कॉल मारतो, एस-ट्रेस (प्रोग्रामचे कॉल दाखवणारं साधन) लावून बघा, नुसत्या स्टॅट आणि ओपन-अ‍ॅटच्या ओळी धो धो वाहतात. सेककॉम्पचा रिटर्न-ट्रेस वापरा, म्हणजे जे चार कॉल बघायचेत तेवढेच पीट्रेसकडे येतील, बाकीचे कर्नल परस्पर सोडेल. पीरूट हेच करतं, फोनवरच्या टर्मक्समध्ये (अँड्रॉइडचं टर्मिनल) पूर्ण डिस्ट्रो त्यावर चालते.

दोन, गूगलचा जी-व्हायझर (कंटेनरसाठीचा सँडबॉक्स) २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात पीट्रेसचा प्लॅटफॉर्म होताच की. मग तो असुरक्षित होता का?

तीन, वेग हवाच असेल तर झेडपोलाइन बघा, २०२३ च्या यूझनिक्स एटीसीमधला पेपर, डोकं भारी चाललंय. सिस्कॉल इन्स्ट्रक्शन दोन बाइटची असते आणि रॅक्स रजिस्टरमधल्या पत्त्यावर कॉल करायची इन्स्ट्रक्शनही दोनच बाइटची. मग लोड झाल्यावर सगळ्या सिस्कॉलच्या जागी तीच लिहायची. रॅक्समध्ये तेव्हा कॉलचा नंबर असतो, म्हणजे उडी थेट शून्य ते काहीशे या पत्त्यावर पडते, तिथे आधीच नॉपची (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) घसरगुंडी करून ठेवायची, खाली आपला हुक. ना सिग्नल, ना कॉन्टेक्स्ट स्विच.

सेगफॉल्ट_ताई

झेडपोलाइन मलाही आवडतं, पण ते कोणासाठी आहे बघा. हुक पोराच्याच अ‍ॅड्रेस स्पेसमध्ये बसणार, पोराने रनटाइमला नवीन पान एक्झिक्युटेबल करून त्यात ताजी सिस्कॉल इन्स्ट्रक्शन लिहिली तर कोण बघतंय? शिवाय शून्य पत्ता मॅप करायला कर्नलची किमान पत्त्याची मर्यादा शून्यावर आणावी लागते, तेही परीक्षेच्या सर्व्हरवर. ५.११ मधल्या सिस्कॉल युजर डिस्पॅचचंही तसंच. ते वाइनसाठी (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) आलं, विंडोजचे काही गेम आपल्या लायब्ररीला वळसा घालून थेट सिस्टिम कॉल मारतात ते पकडून वाइनकडे वळवायला. अडवायचं की नाही हे ठरवणारा एक बाइट त्या प्रोसेसच्याच मेमरीत असतो, ती वाटेल तेव्हा बदलते. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे की हे सँडबॉक्स म्हणून वापरू नका. सहकार्य करणाऱ्या प्रोग्रामला ही साधनं, परीक्षेला बसलेल्या पोराला नाही.

जी-व्हायझरचं उदाहरण उलट माझ्या बाजूने जातं. तिथे पीट्रेस फक्त कॉल पकडायला होतं. पकडलेला कॉल परत मूळ कर्नलकडे सोडलाच जात नाही, गो मध्ये लिहिलेला सेंट्री स्वतःच तो चालवतो, पाथ स्वतः कॉपी करतो, फाइल टेबल स्वतःचं ठेवतो. म्हणजे तपासणारा आणि वापरणारा एकच. (तिथेही पीट्रेस हळूच पडलं, २०२३ मध्ये सिसट्रॅप नावाचा प्लॅटफॉर्म डिफॉल्ट झाला.) रिटर्न-ट्रेसचा सल्ला मात्र चांगला आहे, पोरांनी काय काय करून बघितलं त्याचा लॉग हवा असेल तर तेवढ्यापुरतं जरूर लावा.

नेरुळचा_नवखा

ज्यांच्या कोडची गोष्ट चाललीये त्यांच्यातलाच मी, टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आहे (वेगळ्या कॉलेजात, उगाच शोधू नका). एक विचारू का, आयओ-यूरिंगने (कर्नलला कामांची यादी देऊन ती परस्पर करून घ्यायची सोय) फाइल उघडली तर ओपन-अ‍ॅट कॉल जातच नाही ना? मग फिल्टरला काय दिसतं?

रबाळे_रूट

हे पोरगं कामाचं आहे, कोणीतरी इंटर्नशिप द्या.

बरोबर. रिंगमध्ये 'ही फाइल उघड' अशी नोंद टाकली की कर्नल ते काम आपल्या बाजूने करतो, सेककॉम्पच्या फिल्टरला ओपन-अ‍ॅट दिसत नाही, पीट्रेसलाही नाही. दिसतात ते फक्त रिंगचे स्वतःचे कॉल. ५.१ पासून आहे हे, म्हणजे ठाणेकरांच्या ५.४ वरही रिंग आहे, फाइल उघडायची नोंद तेवढी ५.६ पासून. अपग्रेड केलं की ती वाट उघडते. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं की त्यांच्या कर्नल बक्षीस योजनेत आलेल्या एक्स्प्लॉइटपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगवरचे होते, आणि क्रोमओएसमध्ये त्यांनी ते बंदच केलं. परीक्षेच्या कोडला त्याची शून्य गरज आहे, रिंग उभी करणारा कॉलच नाकारा.

त्याच ओघात, ठाणेकर, सेककॉम्पची यादी लिहाल तेव्हा दोन ठिकाणी लोक हमखास आपटतात. फिल्टरच्या पहिल्या ओळीत आर्किटेक्चर तपासा. ६४ बिटच्या मशीनवर जुन्या ३२ बिटच्या इंटरप्टने कॉल मारता येतो आणि तिथे नंबर वेगळे असतात, तुम्ही ज्याला निरुपद्रवी समजून सोडलंत तो तिकडे भलताच निघेल. एक्स-३२ वाला (६४ बिट मशीनवरचा ३२ बिट पत्त्यांचा प्रकार) वरचा बिट लावलेले नंबरही तिथेच उडवा. दुसरं, माहीत नसलेल्या कॉलला ई-पर्म ('परवानगी नाही') देऊ नका, ई-नो-सिस ('असा कॉल नाही') द्या. ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून नवा थ्रेड बनवताना आधी क्लोन-थ्री मारतं, 'असा कॉल नाही' असं उत्तर आलं तर गुपचूप जुन्या क्लोनवर येतं, पण 'परवानगी नाही' असं आलं तर थेट हात वर करतं. २०२१ मध्ये जुन्या डॉकरवर नव्या इमेज टाकल्यावर थ्रेडच बनेनात, ते याच पायी. आणि क्लोन-थ्रीचे फ्लॅग स्ट्रक्टमध्ये असतात, फिल्टरला वाचताच येत नाहीत, म्हणून त्याला ई-नो-सिसच योग्य.

ठाणेकर_टर्मिनल

टेस्ट मशीनवर उबंटू २२.०४ टाकून आयसोलेट चढवलं. सेटअप असा: बॉक्समध्ये फक्त कंपाइल झालेला प्रोग्राम, इनपुट स्टँडर्ड इनपुटने, उत्तरांच्या फाइली वेगळ्याच मशीनवर, जुळवणी तिथे. त्या पोराचा असेंब्लीवाला कोड जपून ठेवला होता तो चालवला, 'अशी फाइल नाही' म्हणून गप्प बसला. मग दोन थ्रेडवाला रेसचा कोडही लिहून बघितला, माझ्या पीट्रेसवाल्या सुपरवायझरला तो हां हां म्हणता फोडतो आणि इथे रात्रभर लूपमध्ये चालूनही काही हाती लागलं नाही. पायथनचा वेग आता नेहमीसारखा आहे. जावाला प्रोसेसची मर्यादा वाढवली आणि मेमरीसाठी सीग्रुप लावला, तो पण चालला.

वरून सेककॉम्पची छोटी यादी लावतोय, आयओ-यूरिंग, पीट्रेस, माउंट, बीपीएफ, की-रिंगचे कॉल बंद, आर्किटेक्चरची तपासणी आधी. पीट्रेस सुपरवायझर रिटर्न-ट्रेसने फक्त लॉगसाठी ठेवू म्हणतो, बॉस त्याला सोडायला तयार नाही, क्लायंटला डेमोत तो स्क्रीन आवडतो.

एकच उरलं. कंपाइलरचं काय? जीसीसी तर बॉक्सच्या बाहेर चालतंय, आणि पोराने इन्क्लूडमध्ये उत्तरांच्या फाइलचा पाथ दिला तर?

सेगफॉल्ट_ताई

तर कंपाइलर ती फाइल उघडून एरर मेसेजमध्ये तिच्यातल्या ओळी छापून देतो, आणि तुम्ही तो मेसेज पोराला दाखवता. ही जुनी युक्ती आहे. उत्तरं वेगळ्या मशीनवर गेलीत म्हणजे ती सुटली, पण सर्व्हरची कॉन्फिग, डेटाबेसचा पासवर्ड, दुसऱ्या पोरांचे सबमिशन? कंपाइलरही त्याच बॉक्समध्ये, वेळ आणि मेमरीच्या मर्यादेसकट. टेम्प्लेटच्या चार ओळींत सी प्लस प्लसचा कंपाइलर कितीही रॅम खाऊ शकतो.

२२.०४ वर कर्नल ५.१५ आहे, म्हणजे लँडलॉकही मिळेल, ५.१३ पासून आलंय. सिस्टिमच्या सिक्युरिटी फोल्डरमधली एलएसएम फाइल (चालू सिक्युरिटी मॉड्यूलची यादी) वाचा, त्यात नाव असेल तर चालू आहे. प्रोसेस स्वतःवरच निर्बंध घालून घेते, 'या फोल्डरखाली वाचेन, बाकी नाही', रूट लागत नाही, आणि तपासणी कर्नलच्या आत, पाथ सोडवून झाल्यावर होते, म्हणून पॉइंटरची भानगड नाही. तुमच्या जुळवणीच्या प्रोसेसलाच ते लावा, पोराच्या आउटपुटमधला कचरा तिलाही पार्स करावा लागतो.

रबाळे_रूट

आणि थेट २४.०४ वर उडी मारणार असाल तर आधीच सांगतो, तिथे साध्या युजरला युजर नेमस्पेस बनवायला अ‍ॅपआर्मरची (प्रोग्रामवर बंधनं घालायची उबंटूतली सोय) अडकाठी डिफॉल्टला चालू आहे. आयसोलेट सेट-यूआयडी रूट (कोणीही चालवलं तरी रूटच्या हक्काने चालणारं) असतं त्यामुळे तुमचं निभेल, पण कोणी बबलरॅपने (नेमस्पेसवर चालणारं सँडबॉक्सचं साधन) काही केलं असेल तर ते बंद पडेल, आणि मग कोणीतरी ऑफिसात तो सिसकंट्रोल (या अडकाठीची कर्नलमधली सेटिंग) शून्य करून मोकळा होईल. तसं करू देऊ नका, त्या बायनरीपुरता अ‍ॅपआर्मर प्रोफाइल लिहा, सात-आठ ओळींचा असतो.

ट्रान्सहार्बरवाला

प्रोफाइलचा नमुना कोणाकडे तयार असेल तर इथेच टाका, मलापण लागणार आहे.